हजेरीपटावर नाव चढले म्हणजे रोजगार वाढला असे नव्हे

इचलकरंजी,
दि. २२ ऑगस्ट २०२५

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या १०३ मिनिटांच्या भाषणावर गेला आठवडाभर उलटसुलट चर्चा सुरू आहे. सुदर्शन चक्र ही संरक्षण मोहीम, वर्षअखेरीपर्यंत बाजारात येणारी भारतीय बनावटीची चिप, दिवाळीपर्यंत वस्तू व सेवा करात सुधारणा आणि दुकानांवर लावावयाच्या स्वदेशीच्या पाट्या, या विषयांनी बहुतेक जागा व्यापली. त्या मानाने ज्या घोषणेवर थेट एक लाख कोटी रुपये खर्च व्हायचे आहेत आणि जिचा संबंध घराघरांतील विशी-पंचविशीच्या मुलामुलींशी आहे, त्या ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजने’ची चिकित्सा मला फारशी वाचायला मिळाली नाही. येथील कापड धंद्यात दिवाणजी म्हणून माझे आयुष्य गेले. हजेरीपट लिहिणे, पगारपत्रक तयार करणे आणि भविष्यनिर्वाह निधीचे चलन भरणे हेच माझे काम होते. त्यामुळे ही योजना मी त्याच कामाच्या बाजूने वाचली, आणि तशी वाचल्यावर ती भाषणात ऐकली त्याहून बरीच वेगळी दिसली. म्हणून हे पत्र.

योजना आजपासून लागू होत आहे असे पंतप्रधान म्हणाले. प्रत्यक्षात तिचा उगम २३ जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. रोजगाराशी निगडित प्रोत्साहनाच्या तीन योजना आणि त्यांच्या जोडीला कौशल्य व इंटर्नशिप असे पाच योजनांचे, दोन लाख कोटींचे पॅकेज तेव्हा जाहीर झाले होते. त्यानंतर वर्षभर त्यातील प्रोत्साहनाचा भाग कागदावरच राहिला. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने ९९ हजार ४४६ कोटी रुपयांच्या तरतुदीसह त्याला मंजुरी दिली, १ ऑगस्टपासून तो अमलात आला आणि १५ ऑगस्टला त्याची स्वातंत्र्यदिनाची भेट झाली. एकाच योजनेची घोषणा तीनदा करण्यात काही गुन्हा नाही, सर्वच पक्षांची सरकारे ते करत आली आहेत. परंतु मधल्या वर्षभरात जे लाखो तरुण पहिल्यांदा कामाला लागले त्यांना या पंधरा हजारांतील एक रुपयाही मिळणार नाही, एवढे तरी भाषणानंतर कोणीतरी सांगायला हवे होते.

योजनेचे दोन भाग आहेत. पहिला कामगारासाठी. महिना एक लाखापर्यंत पगार असलेला आणि भविष्यनिर्वाह निधी संघटनेत पहिल्यांदाच नोंदला गेलेला कर्मचारी सलग सहा महिने टिकला तर पहिला हप्ता, बारा महिने टिकून आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पुरा केला तर दुसरा हप्ता, असे मिळून एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५ हजार रुपये. त्यातील काही भाग ठरावीक मुदतीसाठी बचतीत ठेवला जाणार आहे. दुसरा भाग मालकासाठी. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच जादा माणसे नेमून सहा महिने ठेवली, तर पगाराच्या पायरीप्रमाणे प्रत्येक जादा माणसामागे महिना तीन हजार रुपयांपर्यंत अनुदान दोन वर्षे, आणि कारखानदारीत चार वर्षे. दोन वर्षांत साडेतीन कोटी रोजगार, त्यांपैकी १ कोटी ९२ लाख पहिलटकर, म्हणजे पहिल्यांदाच नोंद होणारे, असे उद्दिष्ट आहे.

टीकेआधी या योजनेचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. आमच्या धंद्यात सरकारी पैसा वर्षानुवर्षे यंत्राच्या वाट्याला आला. १९९९ मध्ये सुरू झालेली तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना वेगवेगळ्या रूपांत २०२२ पर्यंत चालली. तिच्या आधाराने जुने साधे माग मोडीत निघून रेपियर आणि एअरजेट माग आले, कापडाचा दर्जा सुधारला, ते गरजेचेही होते. पण नव्या मागावर एक कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापड काढतो, आणि मीटरमागे लागणारी माणसे कमी होतात, हे त्या अनुदानाच्या हिशेबात कधी मांडले गेले नाही. त्या पार्श्वभूमीवर माणूस ठेवला म्हणून मालकाला पैसे मिळणे ही दिशा योग्यच आहे. माझा आक्षेप दिशेला नाही. हा पैसा नक्की कशासाठी दिला जातो आहे याबद्दल भाषणात जे सांगितले गेले आणि हिशेबात जे दिसते, त्या दोहोंतील अंतराला आहे.

हिशेब सोपा आहे. महिना १५ हजार पगाराचा कामगार मालकाने कायदेशीर रोलवर घेतला, तर भविष्यनिर्वाह निधीसाठी मालकाचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये, विम्याचे अर्धा टक्का ७५ रुपये आणि प्रशासकीय खर्चाचे अर्धा टक्का ७५ रुपये, असे एकूण १,९५० रुपये त्याला पगाराव्यतिरिक्त भरावे लागतात. याच पगारावर योजनेतून मिळणारे अनुदान आहे २,००० रुपये. म्हणजे मालकाच्या खिशात महिन्याला पन्नास रुपये शिल्लक. दहा किंवा अधिक कामगार असतील तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे सव्वातीन टक्के, म्हणजे आणखी सुमारे ४८८ रुपये, लागतात आणि ते पन्नास रुपयेही उरत नाहीत. दहा हजार पगाराला मालकाचा बोजा १,३०० रुपये आणि अनुदान फार तर १,००० रुपये. आकड्यांची ही जुळणी योगायोगाची वाटत नाही. आधीच कामावर असलेल्या किंवा येणाऱ्या माणसाला नोंदीत आणण्याचा जो खर्च, तो दोन ते चार वर्षे सरकार उचलणार आहे, असा या योजनेचा सरळ अर्थ होतो.

नोंदीत येणे ही किरकोळ गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. खात्यावर पैसे साठणे, नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला विम्याचा आधार मिळणे, मुलीच्या लग्नाला वा घराला अग्रिम काढता येणे, हे सारे ज्यांच्या वाट्याला कधी आले नाही अशी माणसे मी माझ्याच हजेरीपटावर पाहिली आहेत. सरकारच्याच २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील नियमित पगारी कामगारांपैकी ५८ टक्क्यांकडे नेमणुकीचा लेखी कागद नाही. तेव्हा नोंदणीसाठी एक लाख कोटी खर्च करणे हे चुकीचे नाही, आणि सरकारने तेच नाव देऊन ते केले असते तर मी हे पत्र लिहिलेही नसते. परंतु नोंद झालेला माणूस आणि नव्याने निर्माण झालेला रोजगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काल चिठ्ठीवर रोख मजुरी घेणारा कामगार आज चलनात दिसू लागला, तर निधी संघटनेच्या आकडेवारीत एक नाव वाढते. गावात मात्र काम करणाऱ्यांची संख्या काल होती तेवढीच असते. दोन वर्षांनी साडेतीन कोटींचा आकडा लाल किल्ल्यावरून सांगितला जाईल तेव्हा त्यात अशी नावे किती आणि खरोखर नव्याने कामाला लागलेली किती, हे कोणी विचारणार आहे का?

मालक माणूस केव्हा वाढवतो, हे ज्याने कापडाची पेढी जवळून पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून, ताण्याच्या सुताची बिमे वेळेवर उतरत असतील, व्यापाऱ्याची मागणी असेल, मजुरीचा दर परवडत असेल, तर रात्रपाळी सुरू होते आणि रात्रपाळीला माणसे लागतात. माल गोदामात पडून असेल तर माग बंद राहतात आणि महिना दोन हजारांच्या अनुदानासाठी १५ हजार पगाराचा माणूस कोणी बसवून ठेवत नाही. अनुदानाने नोकरभरतीचा निर्णय थोडा सोपा होतो, थोडा आधी घेतला जातो. निर्णयाचे मूळ विक्रीत असते.

कामगाराच्या बाजूनेही हिशेब पाहावा. १५ हजारांतून त्याचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० रुपये, राज्य विम्याचे सुमारे ११३ रुपये आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये वजा जाऊन हातात १२,८८७ रुपये येतात. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात, आणि ते वेतन मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा व्हावी लागते. जो माणूस दर दोन वर्षांनी गाव आणि मालक बदलतो, त्याला हे दूरचे वाटते. रोलवर घ्या असे म्हणण्याऐवजी ‘कापू नका, हातात द्या’ असे कामगारच सांगतात, हा अनुभव एकट्या आमच्या गावचा नाही. त्या दृष्टीने पंधरा हजारांची रक्कम कामगाराचे मन वळवण्यासाठी उपयोगी पडू शकेल; फक्त ती हातात पडायला वर्ष लागते आणि तोपर्यंत त्याच्या पगारातून २१,६०० रुपये कापले गेलेले असतात.

आता ज्यांना ही योजना लागूच होत नाही त्यांच्याकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथे आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना बंधनकारक आहे. देशात शेतीबाहेरच्या असंघटित आस्थापना ७ कोटी ३४ लाख आहेत आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करतात, असे सरकारच्याच २०२३-२४ च्या पाहणीत आढळले. यांतील बहुसंख्य ठिकाणी मालक स्वतः आणि घरची माणसे राबतात; पगारी माणूस ठेवणाऱ्या आस्थापना थोड्या, आणि त्यांतही वीसचा आकडा गाठणाऱ्या फारच थोड्या. किराणा दुकान, पिठाची गिरणी, गॅरेज, शिवणकाम, खानावळ, मजुरीवर कापड विणून देणारा चार-आठ मागांचा खर्चीवाला, हे सगळे योजनेच्या कुंपणाबाहेर राहतात. देशात बहुतेकांना पहिली नोकरी मिळते ती अशाच ठिकाणी.

इचलकरंजीचेच उदाहरण घ्यायचे तर येथील मोठा भाग खर्चीवाल्यांचा आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, माग मात्र स्वतःचे किंवा भाड्याचे, आणि मिळकत म्हणजे पिकावर, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरणारी मजुरी. त्याच्याकडे दोन-चार माणसे. त्याशिवाय कांड्या भरणारे कांडीवाले, ताण्याचे धागे ओवणारे वहिफणी कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, कापडाच्या घड्या घालणारे घडी कामगार असतात आणि ते दिवसभरात तीन कारखाने करतात, त्यामुळे ते कोणाच्या रोलवर घ्यायचे हा प्रश्न माझ्या उमेदवारीच्या काळात सुटला नव्हता आणि आजही सुटलेला नाही. जेथे माणसे अधिक आहेत तेथे एकाच छताखालचे माग घरातील तीन-चार नावांवर दाखवून प्रत्येक नावाखालची संख्या वीसच्या आत ठेवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. मी तिचे समर्थन करत नाही. परंतु नवी योजना ही रीत मोडू शकेल का, याचे उत्तर वर दिलेल्या पन्नास रुपयांच्या हिशेबात आहे. दोन वर्षांचे, फार तर चार वर्षांचे अनुदान घेण्यासाठी कायमचे कायद्याच्या कक्षेत यायला कोण तयार होईल? एकदा आस्थापनेला निधीचा संकेतांक मिळाला की अनुदान संपले तरी चलन संपत नाही.

पहिलटकराची अटही दिसते तितकी सरळ नाही. आमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि शेजारच्या कर्नाटकातून माणसे येतात. त्यांतील अनेक जण आधी सुरत किंवा भिवंडी करून आलेले असतात, तेथे एखाद्या ठेकेदाराने दोन महिन्यांसाठी त्यांचा निधीचा युनिव्हर्सल खाते क्रमांक काढलेला असतो, आणि त्याची त्यांना कल्पनाही नसते. असा माणूस नोंदीच्या दृष्टीने पहिलटकर उरत नाही. १ ऑगस्टपासून नवा क्रमांक काढण्यासाठी सरकारच्या उमंग ॲपवर चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले आहे. गैरप्रकार रोखण्यासाठी ते योग्यही असेल, पण आधारवरील नावात एका अक्षराचा फरक असलेल्या कामगाराला त्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे निधी कार्यालयाबाहेरच्या बाकांवर बसल्यावर कळते. शिवाय छठपूजेला गावी गेलेला माणूस दीड महिन्याने परत येतो. सलग सहा महिन्यांची अट कार्यालयीन नोकरीत सहज पुरी होते, मागावर नाही.

अशा योजनांचा पूर्वानुभव सरकारपाशी आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत मालकाचा वाटा सरकारने भरला आणि सुमारे १ कोटी २१ लाख कामगारांना लाभ झाला असे सांगितले गेले. महामारीच्या काळात आलेल्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत, ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात नोंदल्या गेलेल्यांपैकी सुमारे ६० लाख लाभार्थी झाले. हे आकडे संसदेतील उत्तरांतून वारंवार येतात. अनुदान थांबल्यावर त्यांतील किती नावे रोलवर राहिली, हा आकडाही त्याच उत्तराच्या पुढच्या ओळीत असायला हवा. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे, दरमहा चलन जमा होते, त्यामुळे ही माहिती काढणे निधी संघटनेला अवघड नाही. अनुदानाने रोजगार टिकतो की अनुदानापुरताच टिकतो, याचा पुरावा सरकारच्या स्वतःच्या संगणकात आहे.

त्याच २०२४ च्या पॅकेजमधील इंटर्नशिप योजनेचे काय झाले तेही विसरू नये. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील पाचशे अव्वल कंपन्यांत अनुभव मिळेल, महिना पाच हजार रुपये मिळतील, असे सांगण्यात आले होते. प्रायोगिक टप्प्याच्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले, आणि प्रत्यक्ष रुजू झालेले उमेदवार नऊ हजारांच्याही आत राहिले. पाच हजारांत परगावी राहणे परवडत नाही, आणि वर्षाअखेर नोकरी मिळेलच असे नाही, हे कारण कोणत्याही वसतिगृहातील मुलाने सांगितले असते.

बेरोजगारीचे प्रमाण घटले आहे, असे या चर्चेत सरकारच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. आकडे तसेच आहेत. २०१७-१८ मध्ये ६ टक्के असलेला दर २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला, आणि कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेले. पण त्याच श्रमशक्ती पाहणीच्या अहवालात पुढे वाचले तर काम करणाऱ्यांत नियमित पगारदार २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरलेले दिसतात, स्वयंरोजगारवाले ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेलेले दिसतात, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर पोहोचलेले दिसतात. शेतीवर अवलंबून असणारे ४४.१ वरून ४६.१ टक्के झाले. कारखानदारीत मात्र ११.४ टक्केच. घरातील मागावर नवऱ्याला कांड्या भरून देणारी बाई या मोजणीत रोजगारप्राप्त ठरते. तिचे श्रम मोजले जातात हे चांगलेच आहे, इतकी वर्षे ते कोणाला दिसत नव्हते. तरीही तिला पगार नाही, आणि तिच्या मुलाला नेमकी पगाराची नोकरी हवी आहे. त्यामुळे दर कमी झाल्याचे ऐकून त्या मुलाचे समाधान होत नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने २०३० पर्यंत दरवर्षी शेतीबाहेर सरासरी साडेअठ्ठ्याहत्तर लाख रोजगार निर्माण व्हायला हवेत असे म्हटले होते. तो अंदाज विरोधी पक्षाचा नव्हता.

भाषणातील चिपचा मुद्दा रोजगाराशी जोडून पाहिला तर आणखी एक विसंगती दिसते. गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉन कंपनीचा चिप प्रकल्प २२,५१६ कोटींचा आहे. त्यातील निम्मा खर्च केंद्र आणि पाचवा हिस्सा गुजरात सरकार उचलते, आणि प्रत्यक्ष नोकऱ्या सुमारे पाच हजार. म्हणजे एका प्रत्यक्ष नोकरीमागे सार्वजनिक पैसा तीन कोटींहून अधिक. रोजगार योजनेत ९९ हजार ४४६ कोटींना साडेतीन कोटींनी भागले तर एका माणसामागे साधारण २८ हजार ४०० रुपये येतात. चिपचे कारखाने देशाच्या सुरक्षिततेसाठी हवेत, परावलंबन कमी करण्यासाठी हवेत, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण त्यांची गणना तरुणांना काम देणाऱ्या उपायांत करू नये. वस्त्रोद्योग, चर्मोद्योग, अन्नप्रक्रिया, बांधकाम, शुश्रूषा ही क्षेत्रे कमी भांडवलात जास्त माणसे सामावून घेतात, आणि रोजगाराच्या भाषणात त्यांची नावे आधी यायला हवी होती.

मागणीच्या बाजूने सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न आयकरमुक्त झाले, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने उतरवून साडेपाचवर आणला, जुलैची किरकोळ महागाई १.५५ टक्क्यांवर आली. वस्तू व सेवा करातील १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढण्याचा केंद्राचा प्रस्ताव स्वागतार्ह आहे. मात्र आमच्या धंद्याला टप्पे किती याहून करांचा क्रम उलटा असल्याचा त्रास अधिक आहे. कृत्रिम तंतूवर १८ टक्के, त्याच्या सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के. सूत घेताना भरलेला कर कापड विकताना पुरता वळता होत नाही, परताव्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि लहान विणकराचे खेळते भांडवल सरकारी खात्यात अडकून पडते. दिवाळीपर्यंत एवढी एक गाठ सुटली तरी येथे जितक्या पाळ्या वाढतील तितक्या दोन हजारांच्या अनुदानाने वाढणार नाहीत, असे मला वाटते.

आणि अमेरिकेच्या आयातशुल्काबद्दल भाषणात नाव घेऊन काहीच आले नाही. २५ टक्के शुल्क ७ ऑगस्टपासून लागू आहे, आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लागू व्हायचे आहे. सोलापूरचा टॉवेल आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रातील दागिने यांच्यावर ज्यांची चूल पेटते त्या कामगारांना नव्या भरतीआधी आहे ती नोकरी राखायची आहे. शेतकरी, मच्छीमार आणि पशुपालक यांच्या हिताआड येणाऱ्या धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे राहू, असे पंतप्रधानांनी ठामपणे सांगितले. ते ऐकून तीन दिवस होतात न होतात तोच १८ ऑगस्टच्या अधिसूचनेने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. सूतगिरण्यांना आणि पर्यायाने आम्हाला यातून दिलासा आहे, हे मी धंद्यातला माणूस म्हणून प्रांजळपणे कबूल करतो. पण विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाचा हंगाम तोंडावर असताना भाव पाडणारा हा निर्णय त्या भिंतीत कसा बसतो? निर्यातदाराला मदत करण्याचे ओझे कापूस उत्पादकाच्या खांद्यावर न टाकता थेट अर्थसंकल्पातून उचलता आले असते.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एकदा वाट दाखवली होती. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला उतरली, त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना रुजली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि पुढे २००५ मध्ये केंद्राने तशी हमी देशभर दिली. त्या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीचा भार उचलावा, ही त्यामागची भूमिका होती. तो कर आजही आमच्या पगारपत्रकात दरमहा कापला जातो, हे वर आलेच आहे. हमीमध्ये काम मागणाऱ्याला कायद्याने हक्क मिळतो, काम न दिल्यास भत्त्याची तरतूद असते. प्रोत्साहनामध्ये मागणारा मालक असतो आणि तरुणाने वाट पाहायची असते. शहरी तरुणासाठी हमीसारखे काही शक्य आहे का, या प्रश्नाला केंद्राने आणि राज्याने अजून हात घातलेला नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन मुलांना सहा महिने कार्यालयांत बसवले, नंतर पाच महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि मुदत संपल्यावर तीच मुले कायम करा म्हणून रस्त्यावर आली. गेल्या वर्षीच्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. पावसात मैदानावर धावणाऱ्या त्या मुलांना कोणत्या प्रकारचे काम हवे आहे, हे या आकड्यात वाचता येते: वेळेवर पगार, लेखी नेमणूक आणि उद्याची खात्री.

म्हणून या योजनेबाबत काही गोष्टी आताच मागायला हव्यात. लाभार्थींची संख्या जाहीर करताना नव्याने उभ्या राहिलेल्या जागा आणि जुन्याच कामाची नवी नोंद यांची आकडेवारी वेगळी द्यावी. आस्थापनेची विक्री व वीजवापर आधीइतकाच राहून नावे तेवढी वाढली असतील तर ते ओळखणे फार कठीण नाही, कारण दोन्ही माहिती सरकारी यंत्रणांकडे आहे. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना स्वेच्छेने निधीच्या कक्षेत येऊ पाहत असतील, तर त्यांच्यासाठी अनुदानाचा काळ दोन वर्षांवर न थांबवता दरवर्षी थोडे थोडे कमी करत न्यावा, म्हणजे ते एकदम तुटल्याने नावे गळणार नाहीत. पिकावर मजुरी घेणाऱ्या आणि एकाहून अधिक ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी सलग सहा महिन्यांऐवजी वर्षातील एकूण दिवसांची अट ठेवावी. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि सोलापूर या चारही गावांत अशा कामगारांची संख्या एवढी मोठी आहे की ही सुधारणा अपवाद म्हणून टाळता येणार नाही.

१ ऑगस्टला कामाला लागलेल्यांचे सहा महिने जानेवारीअखेर पुरे होतील आणि पहिले हप्ते फेब्रुवारी २०२६ पासून देय होऊ लागतील. संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच सुमारास असते. वरील तपशिलाचा तक्ता, जिल्हावार आणि उद्योगवार, त्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा अशी मागणी आपल्या भागातील खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आतापासूनच करावी, आणि आपल्या दैनिकाने तिचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर